चारपदरी पंचा आणि निळं जाळं

मी एक जुना पंचा आहे. सुती, चारपदरी, पाणी गाळायचा. नाक मुरडू नका. पंचा म्हटलं की तुम्हाला अंग पुसायचं फडकं आठवतं, आणि गाळणी म्हटलं की चहाची. मी दोन्ही नव्हे. मी घागरीच्या तोंडावर बसणारा पंचा. एका घरातल्या माणसांनी, एक दुष्काळ सोडला तर, बारा-तेरा वर्षं माझ्यातून गेल्याशिवाय पाण्याचा थेंब ओठाला लावला नाही. शाळा मी पाहिलेली नाही, तेव्हा बोलणं जरा रांगडं असेल. पण गोष्ट पाण्याची आहे आणि पाणी मला कळतं. तेव्हा मित्रांनो, बसा जरा.

माझा जन्म सेलमकडच्या एका हातमागावर झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून चेन्नैला आलो, जॉर्ज टाउनमधल्या गोडाऊन स्ट्रीटवर. त्या गल्लीत कापडाचे डोंगर. त्या डोंगरातून जनकोजीने मला उचललं, दोन बोटांत चोळून पाहिलं, आणि म्हणाला, "हा चालेल. चिखलात उतरायला बरा."

जनकोजी नल्लेरीचा राखणदार. शहराच्या उत्तरेला, एन्नोरच्या बसेस जातात त्या रस्त्यापासून बरंच आत, हा नल्लेरी तलाव. अर्ध्या शहराचं पिण्याचं पाणी तिथून जायचं. सकाळी पाण्याची पातळी पाहून वहीत लिहायची, पाणी सोडायची दारं वरखाली करायची, म्हशी हाकलायच्या आणि कपडे धुवायला आलेल्यांशी भांडायचं, ही त्याची नोकरी. माणसं मूळची तंजावरची. घरात मराठी बोलायची, पण अशी, की पुण्याच्या माणसाला हसू यावं आणि तमिळ माणसाने डोकं खाजवावं. खात्याने बांधावरच दोन खोल्यांचं घर दिलं होतं. त्यात तो, बायको महालक्ष्मी, लेक कीर्तना आणि म्हातारी आई.

पाच-सहा वर्षं मी त्याच्या कमरेला राहिलो. धुऊन धुऊन मऊ झालो तेव्हा म्हातारीने मला मागून घेतलं. "कोरं कापड पाणी अडवतं, जुनं कापड पाणी गाळतं," ती म्हणाली. मला फाडलं, चार पदरी करून कडा शिवल्या आणि पितळी घागरीच्या तोंडावर बांधलं. कमरेवरून देवाजवळच्या घागरीवर! माणसाला अशी बढती मिळत नाही.

त्या घराची एक रीत होती. रोज पहाटे जनकोजी तलावाच्या पायरीवर जायचा, माझ्यातून घागर भरायचा, आणि मग मला उलटा करून त्याच पायरीवर, त्याच पाण्यात तीनदा खळबळायचा. माझ्यात अडकलेले बारीक किडे, शेवाळ, माशांची अंडी, सगळं परत तलावात. "ज्याचं घर त्याला परत," म्हातारी सांगायची. "आपल्याला पाणी हवं, त्यांचा जीव नको." ती गेली, पण रीत राहिली. जनकोजी तीनदा खळबळल्याशिवाय पायरी चढायचा नाही. ही रीत लक्षात ठेवा. पुढे रडायला हीच कारण आहे.

त्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात होतो. वाळू अडवली, मुंग्या अडवल्या, जळवेचं पिल्लूसुद्धा अडवलं. पाहुणे यायचे, फुलपात्र उजेडाकडे धरून म्हणायचे, "काचेसारखं आहे हो पाणी!" महालक्ष्मी म्हणायची, "तलाव यांचा आणि पंचा सासूबाईंचा. माझं काय, मी नुसती घागर उचलते."

मग पिशव्या आल्या.

तलावाला पाणी एका कालव्यातून यायचं. पूर्वी त्यातून पानं यायची, आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, बायका पाण्याची पूजा करायच्या तेव्हा फुलं आणि हळदीचे दोरे यायचे. नवं शतक लागलं आणि फुलं पिशवीसकट यायला लागली. शाम्पूच्या पुड्या, चहाचे पांढरे कप, दुधाच्या पिशव्या. जनकोजी बांबूला आकडा लावून कालव्यात उभा राहायचा आणि एकेक वेचायचा. एकदा तलावाच्या दारात गोणीभर पिशव्या अडकल्या, तर हा गडी श्वास कोंडून बुडी मारून काढून आला. घरी येऊन शिंकला ती शिंक पंधरा दिवस चालली.

तेव्हा महालक्ष्मीचा भाऊ अमरसिंह भेटायला आला. जॉर्ज टाउनमध्ये, बंदराजवळ, दोर आणि मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानात तो कामाला. तोंड कधी बंद नाही.

"दाजी," तो म्हणाला, "असे पाण्यात उभे राहिलात तर पेन्शनच्या आधी तुमच्या अंगावर शेवाळ धरेल."

"मग काय करू रे? पिशव्यांना तमिळ कळत नाही, मराठी कळत नाही. येऊ नका म्हणून सांगू कुठल्या भाषेत?"

"सांगता कशाला? अडवा. दुकानात जाळी पडलीत, निळी, नायलॉनची. आणून देतो. कालव्याच्या तोंडाशी बांधा. असलं जाळं, असलं जाळं, की कीर्तनाच्या नातवाच्या लग्नापर्यंत सडायचं नाही!"

"आधी तिचं तर होऊ दे रे मेल्या," महालक्ष्मी आतून ओरडली. "दहावी व्हायचीय अजून पोर."

जाळं आलं. मोरपंखी निळं, चकचकीत. जनकोजीने दोन खांबांना ते असं ताणून बांधलं जशी लग्नाला मांडवाची झालर. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्यापाशी पिशव्यांचा ढीग आणि अलीकडे स्वच्छ पाणी. लेकराच्या बारशाला हसावं तसा हसला तो. शहरातून मोठे साहेब आले, त्यांनी जाळं पाहिलं, जनकोजीच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो काढला. तो फोटो अजून भिंतीवर आहे. मलाही बरं वाटलं. म्हटलं, आपल्याला थोरला भाऊ मिळाला. तो कालव्याच्या तोंडाशी गाळतो, मी घागरीच्या.

खोटं नाही सांगत, थोडी असूयाही वाटली. मला दर वर्षी कुठेतरी ठिगळ लागायचं, आणि हा म्हणे सडतच नाही.

मग दुष्काळ पडला. दोन हजार तीन आणि चारचं साल चेन्नैच्या माणसाला विचारा, तो आधी घसा खाकरेल. नल्लेरीची भेगाळलेली चिखलपाटी झाली. टँकरपुढे हिरव्या, पिवळ्या, गुलाबी प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची. पितळेची घागर जड, रांगेत चेंगरून चेपायची, म्हणून महालक्ष्मीनेही प्लास्टिकची घेतली. टँकरच्या पाण्याला गाळायची फुरसत कुणाला? मी खिळ्यावर लटकलो. वर्ष-दीड वर्ष मला कुणी हात लावला नाही. मित्रांनो, कापडाला कोरडं ठेवलं की ते झोपत नाही, नुसतं जुनं होतं.

जनकोजी मात्र रोज कोरड्या कालव्यात जायचा. उन्हात जाळं फिकं पडलं, जिथे विरलं तिथे तो अमरसिंहाकडून नवा तुकडा आणून वरून बांधायचा. जुना काढायचा नाही. "पाणी येईल तेव्हा तयारी हवी," म्हणायचा. एकावर एक असे चार थर झाले. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या तळव्यांना निळी भुकटी लागलेली असायची, रांगोळीसारखी. तो ती धोतराला पुसायचा आणि जेवायला बसायचा.

दोन हजार पाचला आभाळ फाटलं. इतका पाऊस झाला की बांधावर उभं राहवेना. तीन दिवसांत नल्लेरी काठोकाठ भरला. जनकोजी निथळत घरात आला आणि म्हणाला, "लक्ष्मी, पंचा काढ!"

खिळ्यावरून उतरलो तेव्हा मला रडू आलं असतं. पितळी घागर चिंचेने घासली, मला तोंडावर बांधलं, आणि पाणी आलं. तोच गारवा, तोच मातीचा वास. पण काहीतरी बोचलं. शेवाळ मऊ असतं, किडा वळवळतो, वाळू सरळ बसते. हे त्यातलं काही नव्हतं. पापणीच्या केसाएवढा एक धागा, निळा. माझ्याच विणीत आडवा घुसून बसला, जसा काही तो माझाच नातलग. त्याच्या मागून आणखी. काही अडकले, आणि त्याहून बारीक जे होते ते माझ्या चारही पदरांतून पार झाले. मला कळत होतं की ते घागरीत चाललेत, घागरीतून पोरीच्या पोटात चाललेत. कळून काय उपयोग? पंच्याला तोंड नसतं.

जे अडकले होते त्यांना जनकोजीने सकाळी तीनदा खळबळून परत तलावात सोडलं. ज्याचं घर त्याला परत.

असं तीन वर्षं रोज.

कीर्तना मोठी झाली. मैत्रिणींशी तमिळ, कॉम्प्युटरशी इंग्रजी, आणि मराठी फक्त बापाकडून काही काढायचं असेल तेव्हा. तिच्या वर्गातल्या मुलींचे थोरले भाऊ सिरुसेरीला कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत नोकरीला लागले आणि ही बेडूक शिकत होती. प्राणिशास्त्र. शेवटच्या वर्षाला कॉलेजने प्रकल्प करायला सांगितलं, तर हिने नल्लेरीचं पाणी निवडलं.

"अप्पा, आज पंचा तलावात खळबळू नका," ती एका पहाटे पायरीवर येऊन म्हणाली.

"का गे?"

"त्यात काय अडकतं ते मला पाहायचंय."

"काय अडकायचं? जीव. त्यांना घरी सोडायला नको की?"

"एक दिवस माझ्याकडे पाहुणे येऊ द्या त्यांना. जेवायला घालून परत पाठवते."

बाप हसला. तिने मला पांढऱ्या चिनी मातीच्या ताटात पिळलं, हळूहळू पाणी ओतून धुतलं आणि भिंग लावून बसली. किडे होते, शेवाळ होतं. आणि निळे धागे. तिने सुई घेतली, देवापुढच्या दिव्यावर तापवली.

"अय्यो! देवाच्या दिव्यावर सुई कसली भाजतेस?" महालक्ष्मी धावली.

"अम्मा, थांब ना. सूत असेल तर जळेल. प्लास्टिक असेल तर आक्रसेल."

सुई टेकली. धागा आक्रसला, गुंडाळी होऊन सुईलाच चिकटला.

"प्लास्टिक!" जनकोजीने मांडीवर थाप मारली. मित्रांनो, तो खूश झाला, हे मी विसरू शकत नाही. "सांगत नव्हतो मी? पिशव्या! वर गावातून येतात त्या. लिही, लिही सगळं. मे महिन्यात मी निवृत्त होतोय. निरोपाच्या दिवशी साहेबांच्या हातात तुझा कागद देतो. म्हणतो, साहेब, मला हार नको, शाल नको. माझ्यामागे या तलावाला कुंपण द्या आणि एकाच्या जागी दोन माणसं द्या. सत्तावीस वर्षं राखलाय मी. असा उघडा टाकून कसा जाऊ?"

एवढंच हवं होतं त्याला. आपल्यामागे तलावाचं कुणीतरी असावं.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "जाळ्याच्या वरचं पाणी घे आणि खालचं घे. दोन ताटं कर. म्हणजे साहेबांना कळेल आमचं जाळं किती अडवतं."

हे त्यानेच सांगितलं. पोरीला सुचलं नव्हतं.

रविवार होता. अमरसिंहही आला होता, जिलबी घेऊन. जाळ्याच्या वरच्या बाजूच्या वीस घागरी माझ्यातून ओतल्या, मला एका ताटात धुतलं. मग स्वच्छ करून खालच्या बाजूच्या वीस, आणि दुसरं ताट. कीर्तना भिंग घेऊन मोजायला लागली. वरच्या ताटात अकरा तुकडे. पांढरे, लाल, एखादा निळा. खालच्या ताटात ती दोनशेवर गेली आणि थांबली. सगळे निळे.

"ताटं बदलली असतील," अमरसिंह म्हणाला.

"नाही मामा. याच्या काठाला टवका आहे, हे खालचं."

"मग घागर बदलली असेल. नाहीतर हा पंचाच नीट धुतला नसेल."

"पुन्हा करू," जनकोजी म्हणाला.

पुन्हा केलं. चाळीस घागरी. त्याने एकट्याने उपसल्या, कुणाला हात लावू दिला नाही. वरच्या ताटात नऊ. खालच्यात मोजायची गरजच पडली नाही, ताटाच्या तळाला निळी झाक दिसत होती.

जिलबीवर मुंग्या आल्या. जनकोजी उठला, कालव्यापाशी गेला, जाळ्याची एक गाठ दोन बोटांत धरून चोळली, जसं गोडाऊन स्ट्रीटवर मला चोळलं होतं. गाठीची भुकटी झाली. तळवा निळा. दुष्काळापासून तो रोज हा तळवा धोतराला पुसत आला होता.

"उन्हाने पिकलंय," तो स्वतःशीच म्हणाला. "सडत नाही म्हणाला होतास, अमर."

"सडलं नाहीच दाजी," अमरसिंहाचा आवाज पहिल्यांदा इतका लहान झाला. "पिठासारखं झालंय."

जनकोजी कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि जाळं ओढायला लागला. चार थरांचं जाळं, चिखलात रुतलेलं. ओढलं की तुटायचं, तुटलं की निळा धूर उठावा तसं काहीतरी पाण्यात पसरायचं, आणि प्रवाह ते तलावाकडे घेऊन जायचा.

"अप्पा, ओढू नका!" कीर्तना काठावरून ओरडली. "जितकं ओढाल तितकं पाण्यात जातंय!"

तो थांबला. अर्धं जाळं हातात, अर्धं पाण्यात. ओढावं तर तलावात जातं. सोडावं तर रोज थोडं थोडं जातंच आहे. तो तसाच उभा राहिला. बांधलं तेव्हा दोन्ही हात पुरले होते, काढायला जगात हात नव्हते.

"पोदुम," महालक्ष्मी हळूच म्हणाली. "पुरे आता. वर या."

तो बराच वेळ वर आला नाही.

संध्याकाळी त्याने कीर्तनाला बोलावलं. "लिही. जाळं जनकोजीने बांधलं, असं लिही. नाव गाळू नकोस."

"अप्पा, नावाची गरज नाही त्यात."

"मला आहे."

तिने लिहिलं. पोरीला चांगले गुण मिळाले. निरोपाच्या दिवशी हार घातलेल्या जनकोजीने तो कागद साहेबांच्या हातात दिला. साहेब भला माणूस, त्याने तिथेच उभ्याने सगळा वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "सगळं खरं आहे, जनकोजी. पण जाळं काढलं तर पिशव्यांचं काय? त्याही आत जाऊन उन्हात असंच पीठ होणार ना?"

जनकोजीने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. साहेबांनी कागदाची घडी केली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि वडे खाल्ले.

कुंपण झालं नाही. दुसरा माणूस आला नाही. जनकोजीच्या जागी दिनकर नावाचा तरणा गडी आला, मेहनती, मनापासून काम करणारा. त्याने पहिल्याच आठवड्यात कालव्यात पिशव्या पाहिल्या आणि जुन्याच्या जागी नवं जाळं ताणलं. हिरवं, जाड. "अय्या, बघा," तो जनकोजीला तमिळ रीतीने मान देत म्हणाला, "याला उन्हाने काही होत नाही म्हणतो दुकानदार." जनकोजीने त्याला सगळं सांगितलं. दिनकरने मान हलवली, ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मग काय बांधू?"

आता ते बांधाखालच्या वस्तीत भाड्याने राहतात. नळाला नल्लेरीचंच पाणी येतं. महालक्ष्मी अजून मला घागरीवर बांधते. माझं मधलं सूत इतकं विरलंय की उजेड आरपार येतो. जनकोजी सकाळी गाळतो आणि मग माझी वेळ येते तेव्हा अडतो. खळबळायचं कुठे? मोरीत, तर मोरी गटाराला, गटार कालव्याला, कालवा तलावाला. अंगणात, तर पाऊस तेच करणार. म्हणून त्याने एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलाय. मला त्यात धुतो, पाणी उन्हात वाळू देतो. किडे मरतात. म्हातारी असती तर तिने जेवण सोडलं असतं. तळाला निळी-हिरवी पापडी धरते.

"डबा भरला की कुठे टाकणार?" परवा महालक्ष्मीने विचारलं.

"ठेवू," तो म्हणाला.

"मग दुसरा डबा?"

"तोही ठेवू."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हाताऱ्या वस्तूने उपदेश करायचा असतो. मला राखा, मला जपा, असं म्हणायचं असतं. मला जपू नका. माझे दिवस भरले. मी एवढंच सांगतो, नवी वस्तू घरात आणताना ती टिकते किती, हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा, ती मरते कशी. आम्ही हे विचारलं नाही. आम्ही वाईट माणसं नव्हतो, आम्ही तलावाच्या मायेपोटीच बांधलं, आणि आता माया परत घेता येत नाही. तुम्ही विचारलंत तरी नल्लेरीचं जे झालं ते झालंच आहे, हेही कशाला लपवू?

मला वाटायचं, मी सूत आहे, मी तरी नीट मरेन. महालक्ष्मीने ठरवलंय, मी फाटलो की दारच्या जास्वंदीखाली पुरायचं. पावसाळाभरात माझी माती होईल. पण माझ्या विणीत ते निळे धागे बसलेत, किती धुतलं तरी निघत नाहीत. मी जाईन. ते तिथेच, जास्वंदीच्या मुळाशी, माझ्या आकाराने पडून राहतील.